धूर चालू ठेवायचाय? मग एवढं करा

तुम्हाला पुढारी व्हायचंय, नाहीतर कोळशात, तेलात, सिमेंटात तुमचा पैसा अडकलाय, आणि आता जग तापतंय म्हणून ही कार्बन कमी करायची कटकट मागे लागलीये. घाबरू नका भाऊ. ५ जूनला आमच्या चोपड्याकडे एका साहेबांचं पर्यावरण दिनाचं भाषण भर उन्हात बसून ऐकलं, तेव्हापासून मला या विषयात बरंच ज्ञान झालंय. ते फुकट वाटून टाकतो.

सुरुवात अशी करायची, "ऊन काय आजचंय का? खान्देशात पहिल्यापासूनच ऊन." हे भुसावळ-जळगावात कुठेही खपतं, कारण अर्धं खरं आहे, ४५ डिग्री आमच्या आजोबांनीही पाहिलेत. आता एखादा शहाणा उठून म्हणालाच की हवाई बेटांवर मौना लोआला १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतायत, तेव्हा दहा लाखात ३१५ भाग होता आणि आता ४२० च्या वर गेलाय, तर त्याला विचारायचं, तू गेला होता का मोजायला? विषय संपला. अमेरिकेत एका सिनेटरने २०१५ मध्ये चक्क सभागृहात बर्फाचा गोळा आणून दाखवला, बघा बाहेर किती थंडी आहे म्हणून. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण जानेवारीत पारा उतरला की शेकोटीला हात शेकत तेच बोलता येतं.

माहिती असेल तर ती आपल्यापुरतीच ठेवायची. एक्सॉन या अमेरिकन तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाच्या शेवटीच हिशोब मांडून सांगितलं होतं की हे जाळत राहिलो तर पृथ्वी किती तापेल, आणि तो हिशोब बऱ्यापैकी बरोबरही निघाला. कंपनी लोकांना काय सांगत राहिली? की अजून नक्की काही सांगता येत नाही बुवा. १९८९ ला तेलवाले, कोळसावाले, मोटारवाले मिळून ग्लोबल क्लायमेट कोअलिशन नावाची संघटना काढून बसले, नाव असं की वाटावं झाडं लावत असतील. २००२ ला दुकान बंद केलं, तोवर लोकांच्या मनात शंका पेरायचं काम झालेलं होतं. शंकेच्या पिकाचं हेच बरं असतं, पाणी लागत नाही, लोडशेडिंगचा त्रास नाही, आणि व्यापारी भाव पाडत नाही.

"आधी त्याला सांगा" हे तर विसरूच नका. १९९७ मध्ये कार्बन कमी करायच्या क्योटो कराराच्या आधी अमेरिकेच्या सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव केला की विकसनशील देशांवर बंधन नसेल तर आम्हीपण सही करणार नाही. म्हणजे ते म्हणणार आधी भारत-चीन, आपण म्हणणार आधी अमेरिका. आपलं म्हणणं खोटंही नाही बरं का, तिथला एक माणूस सरासरी आपल्या सहा-सातपट धूर सोडतो. पण हा आकडा तोंडपाठ कोणाला असतो ते बघा. घरात पाच एसी, दारात तीन गाड्या, आणि हिशोबात सातपुड्यातल्या पाड्यावरच्या माणसाचा नसलेला धूर स्वतःच्या नावावर वजा करून घेतात! गरिबाच्या रेशनवर डल्ला मारायची सवय इथेपण कामाला येते.

मग मुदतवाढ. औष्णिक वीज केंद्रांच्या धुरातलं सल्फर कमी करा असा नियम डिसेंबर २०१५ ला निघाला, मुदत दोन वर्षं. मग ती वाढली, परत वाढली, परत वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना सूटच देऊन टाकली. (हे सल्फरचं झालं, कार्बनचं नाही, कबूल. पण हात तोच आहे.) लांबची तारीख दिली तर अजून चांगलं. नेट झिरो, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा परत शोषून घेऊ, ते २०७० ला. तेव्हा जाब विचारायला समोर असणार कोण?

करारात शिरा, बाहेर पडा, परत शिरा, परत बाहेर पडा. जग तापणं रोखायच्या पॅरिस कराराच्या बाबतीत अमेरिकेने करून दाखवलंय.

जागतिक हवामान परिषदेचा अध्यक्ष आपलाच माणूस ठेवा. २०२३ ला दुबईत सरकारी तेल कंपनीचा प्रमुखच अध्यक्ष होता, पुढच्या वर्षी बाकूमध्ये यजमान देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी तेल-वायू ही देवाची देणगी आहे म्हणून सांगितलं. देवाचं नाव आलं की कोण बोलतो?

आणि आता सगळ्यात भारी युक्ती, सगळं सामान्य माणसावर ढकलून द्या. तुमचा स्वतःचा कार्बन फूटप्रिंट, म्हणजे तुमच्यामुळे किती कार्बन हवेत जातो, ते मोजा हे लोकांच्या डोक्यात भरायला कोणी पैसा ओतला माहितीये? बीपी, तेल कंपनी. २००४ ला तिने लोकांसाठी कॅल्क्युलेटर काढला. तेच आमच्याकडे ५ जूनला. शाळेला सुट्टी असताना पोरं बोलावलेली, बचत गटाच्या बाया बोलावलेल्या, मंडप फक्त स्टेजवर. साहेब उशिरा आले, मागे गाड्यांची ही रांग, आणि सगळ्या गाड्या निंबाखाली सावलीत लावून चालू ठेवलेल्या, का तर एसी बंद पडला की आत गरम होतं. ड्रायव्हर आत झोपलेला, खालून एसीचं पाणी टपकून मातीत डबकं झालेलं, आणि माइकवर साहेब सांगून राहिले की माता-भगिनींनो खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करा, लाईट बंद करा, शपथ घ्या. पोरांनी हात पुढे करून शपथ घेतली. माझ्या शेजारी बसलेली आजी म्हणे, "लाईटच ऱ्हास नही भो, बंद काय करसूत?" तिचा तो एक पंखा, तोही रात्री आठ वेळा जाणारा, तो जग तापवतो का? शेतात रात्री बारीला पाणी भरायला जाणारा माणूस, साप-विंचवात, त्याने वीज वाचवायची आणि तुम्ही चार किलोमीटरच्या मिरवणुकीला तीस गाड्या काढायच्या? साक्रीला सौर प्रकल्प होऊन दहा वर्षं उलटली, तिथल्याच डोंगरांवर पवनचक्क्या फिरतायत, म्हणजे जमतं, ऊन तर आपल्याकडे ढीगभर, तरी कोळसा कमी करायचं नाव काढलं की तुमच्या पोटात दुखतं.

वर काय म्हणतात, लोकांचा रोजगार जाईल! दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रातल्या कंत्राटी कामगाराची एवढी काळजी असेल तर त्याला वेळेवर पगार द्या ना. संच जुने होणार, बंद होणार हे तुम्हाला कधीचं माहितीये, मग त्या माणसाला दुसरं काम शिकवायचा एक कागद तरी हलवला का? त्याला पुढे उभं करायचं आणि मागे आपली ठेकेदारी वाचवायची. लाज नाही वाटत?

पुरे झाला उपरोध, मला नाही जमत आता. इकडे एप्रिल-मे मध्ये केळीचे घड सटकतायत, पानं करपतायत, बागेभोवती हिरवी नेट बांधायला माणूस कर्ज काढतोय, आणि जूनचं वादळ उभी बाग रात्रीत आडवी करून जातंय. मग तुम्ही येणार, बांधावर उभं राहून फोटो काढणार, पंचनाम्याचे आदेश देणार. मजूर बाया पहाटे शेतात जातात आणि अकराला ऊन सोसत नाही म्हणून परत येतात, त्या दिवसाची मजुरी अर्धी. ती कोण भरून देणार, तुमचं २०७० का? ३०-३५ वर्षांपासून तुम्हाला सगळं माहिती आहे. न कळण्याचं सोंग बंद करा. आणि त्या दिवशी पुढच्या खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवणाऱ्यांनो, तुमच्यापण बागा गेल्यात यंदा, एकालाही उठून विचारता आलं नाही का की साहेब, कोळशाचं काय?