नातारा

गेल्या आठवड्यात आमच्या दहावीच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकाने मजकूर टाकला: 'मुलांना शाळेत सांताक्लॉज बनवू नका. 25 डिसेंबरला घरी तुळशीपूजन करा. परक्यांचे सण पुरे झाले.' असा मजकूर दर डिसेंबरात फिरतो, त्यामुळे मी सोडूनही दिला असता. पण त्याखाली लगेच दुसऱ्या एकाची ओळ आली: 'आपलाच एक गडी जपानला गेलाय ना, लोकांना बाटवायला. त्याला विचारा.' लिहिणारा पाच वर्षं माझ्या बाकावर बसलेला. गटात आम्ही 41 जण आहोत. कुणी त्याला हटकलं नाही. दोघांनी हसरे चेहरे टाकले.

तो गडी मीच, जपानमधला कॅथॉलिक धर्मगुरू. मी त्या वेळी नागासाकीत दातांच्या दवाखान्यात बसलो होतो. सोबत एक व्हिएतनामी जिश्शूसेई, म्हणजे प्रशिक्षणार्थी कामगार, मुलगा होता, वय 21, जहाजाच्या कारखान्यात वेल्डिंग करणारा. त्याची अक्कलदाढ सुजून गाल टम्म झाला होता. मला जपानी अजून धड येत नाही, त्याला माझ्याहून कमी येतं. दोघांनी मिळून फॉर्म भरला, आणि 'कुठलं औषध सोसत नाही' या रकान्यापाशी पंधरा मिनिटं अडलो. माझा बाटवण्याचा कार्यक्रम साधारण असा चालतो. आठवड्यातले दोन दिवस वृद्धाश्रमात जातो. एक दिवस कुणाच्या तरी घरभाड्याच्या किंवा पगाराच्या कागदांसाठी सरकारी कचेरीत जातो. बाकी चर्चचं अंगण झाडणं, मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, आणि रात्री कोतात्सूत, म्हणजे पांघरूण घातलेल्या ऊबदार टेबलाखाली, पाय घालून जपानी लिपीतली कांजी अक्षरं घोटणं.

'बाटवणे' हा शब्द आपण किती सहज वापरतो! मी वसईचा आहे. हा शब्द आमच्या मागे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. पोर्तुगीजांनी 1534 मध्ये वसई घेतली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती त्यांच्याकडून जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत देवळं पाडली गेली, बळजबरी झाली, हे मी नाकारत नाही आणि कुठल्याही वसईकर ख्रिस्ती माणसाने नाकारू नये. माझा पूर्वज कशापायी ख्रिस्ती झाला ते मला कोणी सांगू शकणार नाही. भीतीपोटी झाला असेल, पोटासाठी झाला असेल, मनापासूनही झाला असेल. पण पोर्तुगीज गेले आणि आम्ही राहिलो. जमीन तीच, गोड्या पाण्याचं बावखल तेच, बोली तीच. माझी आई आजही पहाटे चारला उठून मोगरा आणि सोनचाफा खुडते, आणि बाबा करंड्या लोकलमध्ये चढवून दादरच्या फुलबाजारात नेतात. ती फुलं कुणाच्या देवघरात जातात, हे त्या गटातल्या प्रत्येकाला माहीत आहे. फुलं चालतात. सण मात्र परका.

इथे चर्चला लागून आमची बालवाडी आहे. 60 मुलं, त्यातली ख्रिस्ती चार. डिसेंबर आला की सेइगेकी, म्हणजे येशूजन्माचं नाटक, बसवायचं. कुणी मरिया होतं, कुणी मेंढपाळ, आणि ज्याला संवाद पाठ होत नाहीत तो मेंढरू होतो. परवा रंगीत तालमीच्या वेळी एक आजी नातीच्या पाठीवरचे देवदूताचे पंख पिना लावून सारखे करत होती. आजीच्या मनगटावर जुझू, म्हणजे बौद्धांची जपमाळ, होती. पिन तोंडात धरून, डोळे बारीक करून ती काम करत होती, आणि नात पंख हलवून बघत होती. एक जानेवारीला हीच आजी नातीला घेऊन सुवा जिंजा या शिंतो देवळाच्या पायऱ्या चढणार. घरी रोज सकाळी बुत्सुदान म्हणजे बौद्ध देव्हाऱ्यापुढे भाताची वाटी ठेवणार. नातीने देवदूताचे पंख लावले म्हणून आपला धर्म बुडाला असं तिच्या मनाला शिवतसुद्धा नाही. जपानमध्ये ख्रिस्ती माणसं शंभरात जेमतेम एक. चौकाचौकांत ख्रिसमसची झाडं लागतात, केएफसीपुढे रांगा लागतात, स्ट्रॉबेरीचे केक 25 तारखेच्या संध्याकाळी अर्ध्या किमतीत निघतात, आणि 26 च्या सकाळी सगळं उतरवून नव्या वर्षाचे बांबू-पाइनचे कादोमात्सू दारात उभे राहतात. कुणाच्या श्रद्धेला ओरखडाही उठत नाही. पाच हजार वर्षांची परंपरा सांगणाऱ्या आपल्या लोकांना कापसाच्या दाढीची धास्ती का वाटावी? मला हे खरोखर कळत नाही. राग येतो.

पण इथे नेहमीच असं नव्हतं, हेही मला सांगायला हवं.

नागासाकी स्टेशनातून बाहेर पडून पाच मिनिटं चाललं की निशिझाकाची टेकडी लागते. 5 फेब्रुवारी 1597 रोजी तिथे 26 जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकलं. त्यांत एक वसईचा होता, गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई तिथल्या मातीतली, जन्म 1557 च्या सुमाराचा. फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. जपानी उत्तम येत असल्यामुळे जपानचा त्या वेळचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारात त्याने दुभाष्याचं काम केलं. डिसेंबर 1596 मध्ये त्यांच्या मठाभोवती पहारे बसले. त्याचा शेवटचा नाताळ पहाऱ्यातच गेला. मग कानाचा तुकडा कापून, ऐन थंडीत क्योतोहून इथवर पायी चालवत आणलं. 1862 मध्ये पोपने त्याला संत म्हणून जाहीर केलं. वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे. आमच्या घरातून तिघे तिथे शिकले. मी जपानला निघालो तेव्हा आई विमानतळावर एवढंच म्हणाली, "गोन्सालोच्या गावाला चाललास. जपून राहा."

त्या 26 जणांवर आरोप काय होता? सान फेलिपे नावाचं स्पॅनिश गलबत त्याच वर्षी तोसाच्या किनाऱ्याला लागलं होतं. आधी मिशनरी येतात आणि मागून राजाची फौज येते, असं त्यावरचा खलाशी बोलून गेला आणि ते हिदेयोशीच्या कानावर गेलं, असं सांगतात. माझ्या बाकावरच्या मित्राचं म्हणणं जवळजवळ हेच आहे. त्या काळात ते निराधार नव्हतं, हे मी वसईचा असून कसं नाकारू? इथेसुद्धा ओमुरा सुमितादा हा सरदार ख्रिस्ती झाला आणि त्याच्या मुलुखात देवळं जाळली गेली. माझ्या धर्माची ही बाजू मी पाठ केलेली आहे. पण त्याची शिक्षा इथल्या साध्या कोळ्या-शेतकऱ्यांनी अडीचशे वर्षं भोगली. ख्रिस्ती धर्मावरच्या 1614 च्या बंदीपासून 1873 पर्यंत. नवं वर्ष लागलं की घरटी सगळ्यांना येशूच्या प्रतिमेवर पाय द्यायला लावत. धर्मगुरू एक उरला नव्हता. पुस्तकं नव्हती. बाप मुलाला कानात ओराशो, म्हणजे प्रार्थना, सांगायचा, बस. 17 मार्च 1865 रोजी नागासाकीजवळच्या उराकामीचे लोक नागासाकीतल्या ओउराच्या नव्या चर्चमध्ये फ्रेंच धर्मगुरूपाशी गेले आणि हळूच म्हणाले की आमचं मन तुमच्यासारखंच आहे, आणि सांता मारियाची मूर्ती कुठे आहे ते दाखवा.

हे सगळं मी सेमिनरीत वाचलं होतं. जे वाचलं नव्हतं ते मला आमच्या चर्चमधल्या एका आजीने दिलं. त्या 88 वर्षांच्या, मूळच्या नागासाकीजवळच्या सोतोमेच्या, धर्म लपवून राहिलेल्या ख्रिस्ती लोकांच्या घरातल्या. मागच्या डिसेंबरात आम्ही दोघं येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी पेंढा पसरत होतो. मी म्हणालो, "कुरिसुमासू जवळ आला." त्या म्हणाल्या, "माझी आजी कुरिसुमासू नाही म्हणायची. ती नातारा म्हणायची."

माझ्या हातातला पेंढा तसाच राहिला. मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. ना-ता-रा. मग त्यांना सांगितलं, माझी आई नाताळ म्हणते. त्यांनी ओठ हलवून बघितलं. 'ळ' त्यांना जमला नाही, आणि त्यांच्या तोंडून पुन्हा 'नातारा'च निघालं.

एकच पोर्तुगीज शब्द. एक फाटा वसईच्या केळीच्या वाड्यांत रुजला, दुसरा सोतोमेच्या कड्यांवर. त्याला आणणारे गेले, त्यांची गलबतं गेली, किल्ले पडले, आणि दोन्हीकडच्या बायकांनी तो शब्द जपला. तिकडे करंज्या तळता तळता, इकडे दाराला आतून कडी घालून. ज्या शब्दासाठी माणसं तुरुंगात गेली तो परका कसा म्हणायचा? हे मला त्या गटावर लिहायचं होतं.

उलट बाजूही इथेच शिकलो. धर्म एक असला म्हणून माणसं आपली होतात असं नाही. 9 ऑगस्ट 1945 ला अमेरिकेचा बॉम्ब उराकामीच्या कॅथीड्रलपासून पाचेकशे मीटरवर फुटला. तिथल्या सुमारे 12,000 कॅथॉलिकांपैकी सुमारे 8,500 गेले. बॉम्ब टाकणाऱ्या देशातही घरोघरी नाताळ होत होता. उरलेल्यांनी ढिगाऱ्यातून एक घंटा खणून काढली आणि त्याच वर्षी नाताळच्या आदल्या रात्री ती वाजवली. दुसऱ्या मनोऱ्याची घंटा तेवढी गेली. ती जागा 80 वर्षं रिकामी होती. 2025 मध्ये अमेरिकेतल्या कॅथॉलिकांनी पैसे गोळा करून नवी घंटा पाठवली, आणि 9 ऑगस्टला सकाळी 11 वाजून 2 मिनिटांनी दोन्ही एकत्र वाजल्या. आमच्या त्याच आजी म्हणाल्या की त्यांना रडू आलं. कशाचं ते त्यांनी सांगितलं नाही.

मित्राला आकडा हवा असेल तर तोही देतो. इथे आल्यापासून मी एका फिलिपिनो जोडप्याच्या बाळाला बाप्तिस्मा दिला. जपानी माणसाला एकालाही नाही. आणि खरं सांगायचं तर ते मला लागतं. गुरुदीक्षा घेतली तेव्हा मनात चित्र वेगळं होतं. रविवारी म्हातारी डोकी दिसतात, दर वर्षी दोन-तीन अंत्यविधी होतात, आणि मी स्वतःला विचारतो, मी इथे कुणासाठी आलो? कोनबिनीतला, म्हणजे दिवसरात्र चालणाऱ्या दुकानातला, मुलगा माझं झाइर्यू कार्ड, म्हणजे परदेशी माणसाचं ओळखपत्र, बघतो, त्यावर व्हिसाच्या जागी 'धर्म' असं छापलेलं आहे, आणि म्हणतो, "इंदोजिन ना? मग किरिसुतो-क्यो कसे?" भारतीय असून ख्रिस्ती कसे, हे तो अगदी आदराने विचारतो. प्रश्न मात्र तोच, जो मला नालासोपाऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर विचारला जायचा: आडनाव असं, मग मराठी इतकं चांगलं कसं? मी दोन्ही भाषांत खुलासे देतो. मराठीतला जास्त थकवतो.

मागच्या वर्षी 24 च्या रात्री मिस्सानंतर सगळे भराभर घरी गेले. 25 ला इथे सुट्टी नसते, कारखान्यातल्या मुलांची पहाटेची शिफ्ट होती. मी खोलीत आलो. आईने पाठवलेल्या सुकेळ्यांचं पुडकं सोडलं. केळीच्या सोपट्याचा वास अजून त्यात होता. घरी फोन लावला तर मागे सगळी आळी गात होती, बाबांना माझं बोलणं ऐकूच येईना. मी फोन चालू ठेवून नुसता ऐकत बसलो. तेव्हा वाटलं, ज्या गावाला मी इतकं आपलं म्हणतो ते माझ्यावाचून छान चाललंय. आणि त्या गावातला माझा मित्र मला परका म्हणतो तेव्हा राग कमी येतो, भीती जास्त वाटते. म्हणून गटावर मी आजपर्यंत एक अक्षर लिहिलेलं नाही. सगळं इथे लिहितोय.

तो कोण आहे तेही सांगतो. दिवाळीला त्याच्या घरी आकाशकंदील व्हायचा आणि नाताळला आमच्या घरी चांदणी, आणि दोन्हींच्या काड्या त्याचे बाबा तासून द्यायचे. काका एसटीत होते. बांबूच्या दहा काड्या. पाच-पाचाचे दोन सपाट तारे, टोकं एकमेकांना बांधायची, मग मधल्या पाच कोपऱ्यांत बोटभर काड्या आडव्या खोचायच्या म्हणजे चांदणीचं पोट फुगतं. दोरा आधी पाण्यात भिजवायचा. दोन फेरे उभे, एक आडवा, आणि ओढ. वाळला की आवळतो. काका म्हणायचे, "बाळा, खळ कितीही लाव, चांदणी गाठीवर उभी असते."

या रविवारी व्हिएतनामी मुलांनी चर्चच्या अंगणात बांबू आणला. त्यांच्याकडेही नाताळला तारा करतात. मी बघत होतो. दहा काड्या. दोन सपाट तारे. मधे बोटभर काड्या. मी खाली बसलो आणि दोरा बादलीत बुडवला. दाढवाला मुलगा माझ्या हाताकडे बघत होता. गाल आता उतरलाय. त्याने विचारलं, "शिंपु-सामा, हे कुठे शिकलात?" मी म्हणालो, "शेजारी."

लाल कागद लावून आम्ही तो तारा दारावरच्या खांबाला टांगला. मी फोटो काढला. गट उघडला, फोटो लावला, मग काढून टाकला. शेवटी काकांच्या नंबरावर पाठवला. त्यांना आता डोळ्यांनी कमी दिसतं, सून वाचून दाखवते.

दोन तासांनी त्यांचा आवाज आला, खोकत: "चांगली झालीय. पण खालच्या टोकाची गाठ सैल आहे रे. तिकडे समुद्राचा वारा असेल. उद्या शिडी लावून घट्ट कर."