जिमला मी मारलं होतं

(‘द लॉस्ट अँड डॅम्ड’ ही ‘जीटीए ४’ या व्हिडिओ गेमची जोडकथा अजून खेळायची असेल तर इथेच थांबा. पुढे सगळी गोष्ट उघड केली आहे.)

‘जीटीए ४’ पहिल्यांदा खेळलो तेव्हा ‘नो वे ऑन द सबवे’ हे मिशन मला प्रचंड आवडलं होतं. रे बोचिनो या माफियावाल्याच्या सांगण्यावरून गेमचा नायक निको, म्हणजे आपण, दोन बाईकवाल्यांच्या मागे लागतो. ते भुयारी रेल्वेच्या बोगद्यात घुसतात, आपण रुळांवरून बाईक दामटत त्यांना गाठायचं आणि संपवायचं. ते कोण होते, हा विचारही माझ्या मनात आला नाही. मिशन संपलं, पुढचं सुरू.

त्यातला एक जिम फिट्झगेराल्ड होता. हे मला कळलं ‘द लॉस्ट अँड डॅम्ड’ खेळताना. हा एपिसोड फेब्रुवारी २००९मध्ये आधी फक्त एक्सबॉक्स ३६०वर आला, पीसीवर यायला एप्रिल २०१० उजाडलं. शहर तेच, गेममधलं काल्पनिक लिबर्टी सिटी. दिवसही तेच. पण यावेळी आपण जॉनी क्लेबिट्झ, ‘द लॉस्ट’ या बाईकर क्लबचा उपाध्यक्ष. आणि जिम त्याचा सगळ्यात जवळचा माणूस. शांत, समजूतदार, घरी बायको वाट बघत असलेला. त्याला फोन करून भेटायला बोलावता येतं, त्याच्या शेजारून मैलोन्‌मैल बाईक चालवता येते. आणि मग एक दिवस जॉनीला त्याच्या मरणाची बातमी कळते. मी तेव्हा कीबोर्डवरचे हात काढून नुसता बसून राहिलो होतो.

हे एकदाच होत नाही. जेसन मायकल्स हा क्लबचा पोरगा. त्यालाही मूळ गेममध्ये निकोनेच, म्हणजे आपणच, मारलेलं असतं. इकडे क्लबचा अध्यक्ष बिली ग्रे व्यसनमुक्ती केंद्रातून परत येतो आणि त्या खुनाचं खापर ‘एंजल्स ऑफ डेथ’ या वैरी क्लबवर फोडतो. बिली नसताना जॉनीने त्यांच्याशी जमवून आणलेला तह त्यात मोडतो. आपण दोन मिनिटांत विसरून गेलेल्या एका खुनावरून इथे माणसं मरत राहतात. एवढी मोठी गोष्ट आधीच्या गेमच्या फटींमध्ये बसवणाऱ्या लेखकांबद्दल मला मनापासून आदर आहे.

आणि तो बाईकवाल्यांचा ताफा! खऱ्या क्लबांमध्ये कुणी पुढे चालायचं, कुणी मागे, हे पदावर ठरतं. गेमने तेच खेळायच्या पद्धतीत आणलंय. बिलीच्या मागे चालताना रस्त्यावर क्लबचं चिन्ह उमटतं. त्यात बाईक धरून ठेवली की माणसं आपसात बोलू लागतात, आपली तब्येत सुधारते, बाईकही दुरुस्त होते. रांग सोडली की सगळं बंद. भाऊबंदकी हा शब्द आपल्याकडे भांडणासाठीच वापरतात, पण भाऊपणा म्हणजे काय ते मला त्या रांगेत जाणवलं. म्हणूनच क्लब फुटतो आणि क्लबातलाच ब्रायन बिलीच्या बाजूने उभा राहतो, तेव्हा ते इतकं लागतं. कालपर्यंत याच रांगेत चाललेल्या माणसांवर गोळ्या झाडायच्या असतात.

हे रस्ते इतके जिवंत वाटतात त्याचं आणखी एक कारण, मूळ गेममध्ये घसरणाऱ्या बाईक इथे रस्ता धरून चालतात. ती सुधारणा झाली नसती तर बाकी सगळं वाया गेलं असतं.

शेवटी बिली स्वतःची कातडी वाचवायला सरकारी साक्षीदार व्हायला निघतो, आणि जॉनी तुरुंगावर चाल करून त्याला संपवतो. मग उद्ध्वस्त झालेलं क्लबहाउस हे लोक आपल्याच हातांनी पेटवतात. जॉनी आणि त्याचे साथीदार टेरी, क्ले आणि व्हीलचेअरवरचा अँगस. एवढेच उरलेले असतात.

२०१३मध्ये ‘जीटीए ५’ने याच जॉनीला नशेने पोखरलेला दाखवला आणि त्या गेमच्या नायकांपैकी एक असलेल्या ट्रेव्हरच्या पायाखाली काही क्षणांत मारून टाकला. ट्रेव्हर किती भयंकर आहे हे दाखवायला ते केलं, हे मला समजतं. तरी मला ते पटलेलं नाही, आजही नाही. त्या माणसासोबत आम्ही अख्खा क्लब पुरला होता.

नुकताच मूळ गेम पुन्हा सुरू केला. आता पुढचं रेचं ते बोगद्याचं मिशन. तीन दिवस झाले, नकाशावर त्याचं चिन्ह दिसतंय आणि मी शहरात नुसताच फिरतोय.