आरक्षणावर बोलण्याआधी आडनाव सांगून भाड्याचं घर मागून बघा

दरवर्षी बारावीचा आणि नीटचा निकाल लागला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो, अमक्याला इतके मार्क असून सीट नाही आणि तमक्याला कमी मार्कात सरकारी कॉलेज मिळालं, हा कुठला न्याय. ज्यांच्या पोराची सीट खरंच गेलेली असते त्या आईबापांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, दोन वर्षं त्या घरात टीव्ही लागलेला नसतो. पण त्याच्या खाली कोणीतरी लिहितंच, "आता कुठे राहिलीये जात, शहरात कोण विचारतं?" आणि तिथे मला गप्प बसवत नाही, कारण शहरात कोण विचारतं ते मला रोज फोनवर ऐकू येतं.

मी नवी मुंबईत कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली या पट्ट्यात भाड्याची घरं बघून द्यायचं काम करते. ओनरचा पहिला प्रश्न पगार किती हा नसतो. पार्टी कोण आहे, आडनाव काय, व्हेज की नॉनव्हेज. आडनावावरून अंदाज आला नाही तर मूळ गाव कुठलं, गावावरूनही कळलं नाही तर "घरात देवबिव करतात ना?" आणि नकार तर कोणी सरळ देतच नाही. भाचा येणारे राहायला, फ्लॅट विकायला काढलाय, मिस्टरांना विचारून सांगते. मग तोच फ्लॅट पुढच्या आठवड्यात परत ग्रुपवर येतो, भाडं तेच, डिपॉझिट तेच.

एक केस सांगते. नवरा बँकेत ऑफिसर, बायको शाळेत शिक्षिका, दोन मुलं, डिपॉझिटचा चेक तयार. घर आवडलं, ओनर काकूंनी चहा केला, बाल्कनीत तुळस कुठे ठेवायची इथपर्यंत गप्पा झाल्या, सगळं पक्कं. ॲग्रीमेंटसाठी मी आधारच्या कॉप्या पाठवल्या आणि संध्याकाळी फोन आला, मॅडम, जरा दुसरी पार्टी बघा ना. कारण विचारलं तर म्हणे आमचं काही नाही हो, पण बिल्डिंगमधले लोक बोलतात. मी त्या वहिनींना फोन केला तेव्हा त्यांनी मलाच समजावलं, "आम्हाला सवय आहे ताई, तुम्ही नका वाईट वाटून घेऊ."

आता मला सांगा, आरक्षण आर्थिक निकषावर द्या असं जे म्हणतात त्यांनी या घराला कुठल्या रकान्यात टाकायचं? पैसा होता ना त्यांच्याकडे. पगार माझ्या कितीतरी ओनरांपेक्षा जास्त होता. म्हणजे जे आड आलं ते गरिबी नव्हतं. गरिबीसाठी मदत हवीच, स्कॉलरशिप हवी, फी माफ हवी, 2019 ला 103 वी घटनादुरुस्ती करून खुल्या वर्गातल्या आर्थिक दुर्बलांना 10 टक्के दिले, सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये ते मान्य केले, आणि वर्षाला आठ लाखांच्या आतलं उत्पन्न दाखवून ते सर्टिफिकेट काढणारी घरं आमच्या ग्रुपवरही आहेत, त्यांनी जरूर काढावं, त्यांचा हक्क आहे. पण तेव्हा मेरिटचं काय असं ग्रुपवर एकानेही विचारलं नाही. प्रायव्हेट मेडिकलला 15 टक्क्यांपर्यंत एनआरआय म्हणजे परदेशस्थ भारतीयांचा कोटा चालतो, तिथे कमी मार्कांवर डॉक्टर होता येतं फक्त खिसा मोठा पाहिजे, त्यावरही मेसेज फिरत नाही. मेरिट एकाच ठिकाणी का आठवतं?

आणि मेरिट तयार कुठे होतं ते पण बघू ना. चांगली शाळा, क्लास, स्टेशन जवळ असलेल्या सेक्टरमध्ये ज्याला घर मिळत नाही तो कुठे जातो? गावठाणात जातो, नाहीतर दिघ्याला, नाहीतर पार शहराच्या टोकाला. त्याचं पोरगं रोज दोन बस बदलून क्लासला येतं, रात्री उशिरा घरी पोचतं, आणि शेवटी पेपर मात्र सगळ्यांना सारखा. त्या दोन मुलांतला मार्कांचा फरक जर फक्त हुशारीचा असेल तर मग मला या धंद्यात काहीच कळलेलं नाही.

गावठाणाचं नाव निघालं म्हणून. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको 1970 ला आली, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यातल्या 95 गावांच्या जमिनी घेतल्या आणि त्यावर हे शहर उभं राहिलं. मोबदल्यासाठी शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे आगरी कोळी शेतकरी रस्त्यावर उतरले, जानेवारी 1984 ला जासई परिसरातल्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच माणसं गेली, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. ती जमीनही कित्येकांना खेटे घालून घालून मिळाली. आज त्याच जमिनीवरच्या टॉवरमध्ये राहणारे लोक म्हणतात, "यांना काय, सगळं फुकट मिळालं." ज्याचं घेतलं त्याला थोडं परत दिलं की ते फुकट कसं होतं हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. आरक्षणाबद्दलही हेच बोललं जातं, हाच सूर.

2023 मध्ये मुलुंडला मराठी बाईला ऑफिससाठी जागा नाकारल्याचा व्हिडिओ आला तेव्हा आपण सगळे पेटलो होतो. बरोबरच होतं पेटणं, आपल्याच शहरात मासे खातो म्हणून, मराठी बोलतो म्हणून नको म्हणणार म्हणजे काय! पण त्याच आठवड्यात माझ्याकडे मराठी ओनर सांगत होते, मॅडम मुस्लिम सोडून कोणीही चालेल. नावाच्या जागी शेख आलं की आयटीतला इंजिनिअर असो की नर्स, सेक्टरच्या सेक्टर बंद. आपल्याला जे लागलं ते दुसऱ्यालाही तसंच लागतं, हे एवढ्या लवकर कसं विसरतो आपण?

कायदा काय म्हणतो ते पण सांगते. जात-धर्मावरून भेदभाव नको म्हणणारं घटनेचं कलम 15 मुख्यतः सरकारवर बंधन घालतं, दुकानं, हॉटेलं, विहिरी यांचा त्यात वेगळा उल्लेख आहे, पण खाजगी घरमालक त्यातून सुटतो. 2005 मध्ये झोरोस्ट्रियन म्हणजे पारशी सोसायटीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने एका समाजापुरती मेंबरशिप ठेवायला मान्यताही दिली. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात अस्पृश्यतेच्या कारणावरून वस्तीत घर घेऊ न देणं, राहू न देणं हा गुन्हा आहे, पण "भाचा येणारे" हे वाक्य पोलीस स्टेशनला पुरावा म्हणून कसं न्यायचं? म्हणून तक्रार होत नाही, आणि तक्रार नाही म्हणून लोक म्हणतात असं काही होतच नाही.

लेडीज डब्याबद्दल मात्र भांडण नाही कोणाचं. ठाण्याहून सकाळची लोकल पकडणारी बाई जनरल डब्यात चढू शकत नाही हे प्रत्येकाने डोळ्याने बघितलंय, आपल्या घरातल्या बाईला ते भोगावं लागतं, म्हणून राखीव डबा पटतो. जे आपल्या घरात घडत नाही ते दिसत नाही, एवढाच फरक आहे बघा.

आरक्षणात सगळं बरोबर चाललंय असं माझं म्हणणं नाही. आतल्या आत लहान जातींपर्यंत, भटक्यांपर्यंत ते नीट पोचत नाही, ऑगस्ट 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला, म्हणजे त्यांच्या कोट्यात आतल्या आत वेगळे गट करायला, परवानगी दिली ते मला योग्य वाटतं, त्यावर माझ्या जवळच्या मैत्रिणींशीही वाद झालेत. खोटी जात सर्टिफिकेटं काढणाऱ्यांवर कारवाई व्हायलाच पाहिजे. पण ही सगळी दुरुस्तीची भाषा झाली, बंद करा ही वेगळी भाषा आहे.

सोसायट्यांना एवढंच सांगायचंय की फ्लॅट भाड्याने द्यायला कमिटीची परवानगी लागते हा गैरसमज काढून टाका, आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, ओनरने फक्त कळवायचं असतं. पोलीस व्हेरिफिकेशन करा, ॲग्रीमेंटची कॉपी घ्या, पण "आमच्याकडे अशा लोकांना देत नाही" हा कुठेही न लिहिलेला नियम येत्या एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, कोणीतरी उभं राहून विचारा, कोणी केला आणि कधी केला.

मी माझ्या ओनर लोकांना आता पहिल्याच फोनवर सांगते, नोकरी, पगार, घरात माणसं किती, आधीच्या ओनरचा नंबर हे सगळं देईन, आडनाव ॲग्रीमेंटच्या दिवशी कळेल. काहींनी काम काढून घेतलं, ठीके. बरेचसे मान्य करतात.

कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीत कोणाला नावावरून घर नाकारलं गेलं असेल तर इनबॉक्समध्ये लिहा, बजेट आणि कधीपर्यंत हवंय तेवढं सांगा. घर बघू, ब्रोकरेजचं नंतर बोलू.