धुरापासून दूर ठेवा म्हणे

"बाळाला धुरापासून दूर ठेवा." हा सल्ला आता माझ्याच्याने देववत नाही.

मुंबईत गोवंडीच्या वस्तीत अंगणवाडीच्या ताईंबरोबर घरोघरी जाते मी. दहा बाय दहाची खोली, त्यातच मोरी, त्यातच पाळणा. गॅस आहे, पण सिलिंडर पुरवून वापरायचा, म्हणून अंघोळीचं पाणी दाराशी चुलीवर. फळकुटं ओली असली की पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी. एक आई म्हणाली, "ताई, खिडकी उघडली की डम्पिंगचा धूर, लावून घेतली की चुलीचा. कुठला घेऊ, तुम्हीच सांगा."

शेजारचं देवनारचं डम्पिंग, म्हणजे मुंबईचा कचरा टाकायची जागा, 1927 पासूनचं. 2016 च्या जानेवारीत ते पेटलं तेव्हा धूर उपग्रहाच्या फोटोत दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हा सगळी मुंबई खवळली, कारण धूर सगळ्यांच्याच नाकात गेला. एरवीच्या वासाचं कुणाला काय पडलंय?

लहान मूल वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा जास्त हवा ओढतं, आणि त्याची फुप्फुसं अजून वाढतच असतात. त्यात पोटाला धड नसेल तर साधी सर्दी छातीत उतरते. न्यूमोनिया झाला की खाणं सुटतं, वजन उतरतं, आणि उतरलेल्या वजनावर पुढचा न्यूमोनिया सहज बसतो. वाढीच्या तक्त्यावर दिवाळीपर्यंत चढत गेलेली रेघ थंडीत खाली येताना बघितली की चीड येते. पोषण आहार द्यायचा एका खात्याने, धूर बघायचा दुसऱ्याने. मूल मात्र एकच आहे!

पीएम 2.5 ची, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांची, वर्षाची सरासरी घनमीटरला 5 मायक्रोग्रॅमच्या आत असावी, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. आपली मर्यादा 40. तीही मोजायची बाहेरच्या हवेत. चुलीशेजारच्या पाळण्यापाशी यंत्र कोण लावणार?

गरीब घरांना गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना 2016 मध्ये आली, जोडण्या मिळाल्या, चांगलंच झालं. पण खरा प्रश्न दुसऱ्या सिलिंडरचा असतो. माझं स्पष्ट मत आहे: पाच वर्षांखालचं मूल असलेल्या गरीब घराला गॅस जवळजवळ फुकट द्या आणि तो खर्च लसीकरणासारखा आरोग्याच्या खात्यात धरा. रेवडी म्हणणाऱ्यांनी एक सकाळ त्या चुलीपाशी बसावं.

तोवर एवढं तरी आयांपर्यंत पोचवा. मूल शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचा. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त भरले, तर लगेच डॉक्टरकडे. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल. मजुरी बुडेल म्हणून रविवारपर्यंत थांबायचं नाही.