पुण्यात मोठ्या कंपन्या येतच नाहीत, हे म्हणायला शिका

पुण्यात राहायचं असेल तर दोन वाक्यं पाठ पाहिजेत. एक, "पुण्यात मोठ्या कंपन्या येतच नाहीत हो." आणि दुसरं, "ह्या कंपन्यांनी पार वाट लावली पुण्याची." दोन्ही एकाच दिवसात म्हणता आली पाहिजेत, जमलं तर एकाच कटिंगमध्ये. नवशिक्यांना वाटतं ह्यात काहीतरी गडबड आहे. काही गडबड नाही. पहिलं वाक्य अमृततुल्यापाशी उभं राहून म्हणायचं असतं आणि दुसरं गाडीत बसून, भूमकर चौकात, सिग्नल तिसऱ्यांदा लाल झाला की. जागा बदलली की मत बदलतं, त्याला आपल्याकडे अभ्यास म्हणतात.

तर तुम्ही इथे नवीन असाल, किंवा जुने असून अजून जमत नसेल, तर ऐका. मी पंचवीस वर्षं हेच करतोय.

सुरुवात कायम बंगलोरपासून करायची. "बंगलोर बघा, हैदराबाद बघा, कुठच्या कुठे गेले" एवढं म्हणायचं. तुम्ही स्वतः हैदराबाद शेवटचं कधी बघितलंत असं कोणी विचारत नाही, विचारलंच तर मेव्हण्याचा मुलगा तिकडे आहे म्हणून सांगायचं, मेव्हण्याचा मुलगा सगळ्यांचाच तिकडे असतो. मग सुस्कारा सोडून विचारायचं, "आपल्याकडे आहे काय?" आणि लगेच विषय बदलायचा, हे फार महत्त्वाचं आहे, कारण समोरचा जर उत्तर द्यायला लागला तर पंचाईत होते. म्हणजे आकुर्डीला बजाज ऑटो, मुंढव्याला भारत फोर्ज, शिवाय थरमॅक्स, कमिन्स इंडिया, पर्सिस्टंट, केपीआयटी, आणि शिवाजीनगरला लोकमंगलमध्ये अख्खी बँक ऑफ महाराष्ट्र, अशी हेडऑफिसं तो बोटांवर मोजायला लागतो आणि एक हात संपून दुसरा घेतो. घाबरायचं नाही. "त्या आपल्या जुन्या झाल्या" म्हणायचं. जुनी कंपनी म्हणजे दारातली तुळस, रोज पाणी घालतो पण बागेत किती झाडं आहेत विचारलं की तिला कोण मोजतं. सिरमचंच घ्या, 1966 पासून हडपसरला आहे, डोसच्या हिशोबात जगातली सगळ्यात मोठी लस बनवणारी कंपनी, पण कोरोना येईपर्यंत अर्ध्या पुण्याला तिचे मालक पूनावाला म्हणजे घोडेवाले एवढंच माहिती होतं.

आता समजा तो चिकट निघाला आणि म्हणाला, मर्सिडीज? फोक्सवॅगन? महिंद्रा? इथे तुमचा भूगोल पक्का पाहिजे. "अहो ते चाकण, चाकण म्हणजे काय पुणं आहे का?" तळेगाव पुणं नाही, रांजणगाव तर नाहीच नाही, आणि पिंपरी-चिंचवडला पुणं म्हटलं तर दोन्हीकडचे मारतील. महापालिकेनं 2017 ला 11 गावं आत घेतली, 2021 ला आणखी 23 घेतली, क्षेत्रफळात मुंबई महापालिकेला मागे टाकलं, ते सगळं कागदावर. मनातली हद्द लकडी पूल ओलांडला की पातळ व्हायला लागते आणि पौड फाट्यापर्यंत कशीबशी टिकते. अपवाद एकच, तुम्हाला प्लॉट विकायचा असेल तर. मग शिरूरसुद्धा पुणं, आणि विमानतळ दहा मिनिटांवर.

विमानतळावरून आठवलं. मोठ्या कंपनीचा साहेब परदेशातून येतो तो मुंबईला उतरतो, तिथून टॅक्सीनं घाट चढतो, आणि मीटिंगला पोचेपर्यंत त्याचा चेहरा उतरलेला असतो. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, परदेशी विमानं मोजकी. नवं विमानतळ 2016 पासून पुरंदरला येतंय, त्याआधी बरीच वर्षं चाकण-खेडकडे येत होतं. तुम्ही ह्यावर चिडायचं नाही. उलट साहेबाला सांगायचं की पुण्याची हवा छान आहे.

हिंजवडी हा वेगळा धडा आहे आणि इथे जरा वेळ द्या. पहिली गोष्ट, कोणी "हिंजेवाडी" म्हणालं की पुढचं काही ऐकून न घेता आधी उच्चार दुरुस्त करायचा. त्यात पाच मिनिटं जातात आणि त्याला काय विचारायचं होतं ते तो विसरतो. मग त्याला अभिमानानं सांगायचं की इथे लाखो लोक कामाला येतात, इन्फोसिस, विप्रो, टीसीएस, कॉग्निझंट सगळे एका रांगेत, आणि गाव बघतं कोण तर ग्रामपंचायत. जमीन एमआयडीसीची, नियोजन पीएमआरडीए नावाच्या महानगर प्राधिकरणाचं, शेजारी पिंपरी-चिंचवड महापालिका, आणि नाला तुंबला की तो ह्यातल्या कोणाचाच नसतो. 2025 च्या जूनमध्ये रस्त्यांच्या नद्या झाल्या तेव्हा लोकांनी आयटी पार्कचं वॉटर पार्क करून टाकलं मोबाईलवर, मग पुढारी पहाटे पहाटे पाहणीला यायला लागले. पहाटेच का? कारण त्या वेळी रस्ता मोकळा असतो. मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर 2018 ला झालं, शिवाजीनगर ते हिंजवडी 23 किलोमीटर, आणि तिचे खांब बघत बघत कित्येक पोरांची तीन-तीन प्रमोशनं झाली, लग्नं झाली, एकाचं तर बारसं पण मी जेवून आलोय.

एक सूचना, चुकूनही मगरपट्ट्याचं नाव निघू देऊ नका. तिथे हडपसरच्या शेतकऱ्यांनी आपल्याच 400 एकरांच्या आसपास जमिनी एकत्र केल्या, स्वतः कंपनी काढली, रस्ते आधी केले, घरं बांधली, आयटी पार्क बांधला. हे ऐकलं की लोकांना वाटायला लागतं हे जमू शकतं. सगळी चर्चा नासते.

आता रडायचं कसं ते सांगतो. आलेल्या कंपनीसाठी कधीच रडायचं नसतं, न आलेल्या कंपनीसाठी रडायचं. 2022 च्या सप्टेंबरात वेदांता-फॉक्सकॉनचा चिपचा प्रकल्प, एक लाख चोपन्न हजार कोटींचा, तळेगावला येणार येणार म्हणताना गुजरातला गेला. तेव्हा आमच्या कट्ट्यावर जे काय झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही, ज्यांना सेमीकंडक्टर म्हणजे एसटीतला हाफ तिकीटवाला कंडक्टर वाटत होता तेही दोन दिवस जेवले नाहीत. पुढच्या जुलैत फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली, म्हणजे जो प्रकल्प आपल्याकडून गेला तो तिकडेही त्या रूपात उभा राहिला नाही, पण ही बातमी कट्ट्यावर आणायची नाही. चांगलं जमलेलं दुःख मोडतं.

आणि त्याच तळेगावला जनरल मोटर्सचा अख्खा, बांधलेला, चालू कारखाना डिसेंबर 2020 ला थांबला. कामगार कोर्टकचेऱ्या करत राहिले, एक चिनी कंपनी घेणार होती ते बारगळलं, शेवटी ह्युंदाईनं घेतला. ह्या सगळ्या काळात आमच्या कट्ट्यावर त्यासाठी एक कप चहा जास्त मागवला गेला नाही. कारण ते आपल्याकडे होतं ना, जे होतं त्याचं काय रडायचं.

बरं, एवढं करूनही एखादी कंपनी आलीच तर? येतात काही हट्टी. मग स्वागत करा. पहिल्या आठवड्यात पांढऱ्या गाडीतून चौघांनी गेटवर जायचं आणि भंगाराचा ठेका मागायचा, तो नाही मिळाला तर टँकरचा, तो नाही तर कँटीनचा, तेही नाही तर लेबर आमचंच घ्यायचं म्हणून सांगायचं आणि स्वतःच्या पोराला मात्र त्या लेबरमध्ये घालायचं नाही, त्याला कंपनीत भाड्यानं गाड्या लावायला सांगायचं. गुरुवारी लाइट जाणार हे मॅनेजरला आधीच सांगून ठेवायचं. परक्या माणसाला उगीच धक्का नको.

आणि खराडीच्या काचेच्या इमारती दिसल्या तर एकच प्रश्न विचारायचा, "हेडऑफिस कुठंय?" परदेशातल्या मोठमोठ्या बँकांची कामं तिथे चालतात, पूर्वी त्याला बॅक ऑफिस म्हणायचे, आता जीसीसी, म्हणजे ग्लोबल कॅपॅबिलिटी सेंटर, म्हणतात आणि पगार पण वाढलेत, पण हेडऑफिस लंडनला ना? मग झालं. ती धरायची नाही. ह्या हिशोबानं पुण्यात कंपनीच नाही, फक्त ट्रॅफिक आहे.

खरं म्हणजे आपलं मागणं साधं आहे, कोणी समजूनच घेत नाही. आपल्याला कंपनी हवीय, माणसं नकोत. काचेची बिल्डिंग असावी, वर मोठं नाव असावं, पाहुणे आले की रात्री लांबून दाखवता यावी. त्यात काम करणाऱ्यांनी रस्त्यावर यायचं नाही, पाणी प्यायचं नाही, घर भाड्यानं मागायचं नाही. आमचे वडील 1972 ला कराडहून पिंपरीत आले, कंपनीत लागायला, एका खोलीत पाच जण राहायचे, पण ते येणं वेगळं. तेव्हा येणारी माणसं चांगली होती.

हे सगळं मी इतक्या अधिकारानं सांगतोय कारण वाकडला माझा एक टू बीएचके आहे. 2009 ला घेतला, हप्ते भाडेकरूंनीच फेडले असं म्हटलं तरी चालेल. गेल्या खेपेला तीन पोरं आली, एक नांदेडचा, एक जळगावचा, एक इंदूरचा. सोसायटीत आधी मुलाखत असते, कमिटीची. पोरांनी तेवढ्यासाठी इस्त्रीचे शर्ट घातले होते. सेक्रेटरींनी विचारलं, रात्री किती वाजता येता? नांदेडचा म्हणाला, काका, क्लायंट अमेरिकेत आहे, शिफ्ट तीनला संपते. "म्हणजे रात्री तीनला लिफ्ट वापरणार?" पोरगं म्हणालं, जिन्यानं जाऊ काका. सहावा मजला. मग नॉनव्हेज, मग मैत्रिणी, मग चपला बाहेर काढणार का आत, मग मूव्हिंग चार्जेस म्हणून पाच हजार. मी शेजारी बसून मान डोलवत होतो, कारण मालक म्हणून कडक दिसावं लागतं. सेक्रेटरींची स्वतःची मुलगी बंगलोरला पीजीत आहे, तिथला मालक दहाला गेट लावतो, त्यावरून ह्यांची रोज फोनवर भांडणं. "काय जंगली लोक आहेत तिकडचे" असं म्हणतात.

पोरं दोन वर्षं राहिली. जिन्यानंच जायची, रात्रीचे चपलांचे आवाज येतात म्हणून तक्रार आली तर चपला हातात घेऊन जायला लागली. भाडं दर महिन्याच्या एक तारखेला.

मध्यंतरी नांदेडचा घरी आला, हातात आंबा बर्फीचा बॉक्स. म्हटलं, काय रे, लग्न ठरलं? म्हणाला, "नाही काका, आमची सगळी टीम हैदराबादला शिफ्ट होतीये, कंपनीनं सांगितलंय. एक महिन्याची नोटीस द्यायला आलो होतो." मी म्हणालो, अरे पण पुणं सोडून? इथली हवा? तो म्हणाला, "हवा छानच आहे काका, पण संध्याकाळी वाकडहून हिंजवडी फेज थ्रीला जायला मला दीड तास लागायचा, त्यात पण हवाच खात होतो." आणि हसला. मला हसू आलं नाही, मी मनात डिपॉझिटचा हिशोब करत होतो.

पोरं गेल्यापासून फ्लॅट रिकामा आहे. दुसरा महिना. मेंटेनन्स चालू आहे. कट्ट्यावर मी हल्ली फार बोलत नाही, कोणी "पुण्यात कंपन्या येतच नाहीत" म्हणालं की माझ्या पोटात खड्डा पडतो. काल ब्रोकरनं जुनी जाहिरात वाचून दाखवली, "फक्त फॅमिली, शुद्ध शाकाहारी, आयटीवाल्या बॅचलर्सनी फोन करू नये." म्हटलं खोड ते सगळं. आता असं टाकलंय: "टू बीएचके, वाकड. कोणीही चालेल. नॉनव्हेज चालेल. शिफ्ट कोणतीही चालेल, लिफ्ट चोवीस तास. हिंजवडी फक्त 15 मिनिटं."

ही पंधरा मिनिटं खोटी नाहीत. मी स्वतः मोजलीत, पाडव्याला, पहाटे पाच वाजता.