मालकाला घाम फोडायचा आहे?

तुमचा फुटबॉल संघ सलग सातवा सामना हरला आणि तुम्ही मडगावच्या गाड्यावर रस ऑम्लेटमध्ये पाव बुडवत 'आता मालकच बदलायचा' असं ठरवलंत. उत्तम. सर्वांत आधी अख्ख्या मोसमाचं तिकीट काढा. फातोर्डा स्टेडियमच्या स्टँडात बसल्याशिवाय नीट ओरडता येत नाही. ते पैसे पात्रांवाच्याच, म्हणजे मालकाच्याच, खिशात जातात, पण चांगली शिवी फुकट थोडीच देता येते?

मग 'चालते व्हा' असा फलक रंगवा. अंगात क्लबची जर्सी हवी, तीही यंदाची. गेल्या वर्षीच्या जर्सीतला निषेध जुनाट दिसतो. गोल खाल्ला की फलक वर. आपण मारला की तोच फलक बुडाखाली, सिमेंट तापलेलं असतं.

परदेशी दाखले लागतीलच. ब्लॅकबर्न रोव्हर्स हा इंग्लंडमधला क्लब 2010 साली पुण्याच्या वेंकीज या कोंबडीवाल्या कंपनीने विकत घेतला. 7 मे 2012 रोजी विगनविरुद्धच्या सामन्यात चाहत्यांनी क्लबचा झेंडा पांघरलेली कोंबडी मैदानात सोडली. त्याच रात्री संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला. मालक मात्र हलले नाहीत. कोंबडीवाल्याला कोंबडी दाखवून घाबरवायचं म्हणजे काणकोणच्या रापणकाराला, म्हणजे जाळं ओढणाऱ्या मासेमाराला, बांगडा दाखवण्यातलाच प्रकार!

जर्मनांच्या नादी मात्र लागू नका. तिथे '50+1' नियमामुळे बहुतेक क्लबांत बहुमत सभासदांच्या हाती. 2024 च्या फेब्रुवारीत त्यांनी टेनिसचे चेंडू मैदानात फेकफेकून सामने थांबवले आणि लीगला गुंतवणूकदाराशी चाललेली बोलणी गुंडाळायला लावली. पण त्यासाठी आधी सभासद व्हावं लागतं, वर्गणी भरावी लागते, वार्षिक सभेला बसावं लागतं. आपल्याकडे देवस्थानच्या महाजनांची सभासुद्धा गणसंख्येअभावी तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच जागी भरते. तीही चहा आल्यावर.

शिवाय फार ताणू नये, पात्रांव खरंच उठून जातो. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तिन्ही क्लबांनी 2016 साली आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतलं. भांडण होतं भारतीय फुटबॉल महासंघाच्या आराखड्याशी, तुमच्याआमच्या फलकांशी नव्हे. फलकाने कोणी गेल्याचं मला तरी आठवत नाही.

राहिला बहिष्कार. रिकाम्या खुर्च्या टीव्हीवर वाईट दिसतात, जाहिरातदार फोन करतात, असं म्हणतात. गेल्या मोसमात मीही घातला होता. सामन्याला जायचं नाही, टीव्हीही लावायचा नाही. विसाव्या मिनिटाला बोर्ड्याला घरापर्यंत स्टेडियमचा गलका ऐकू आला. गोल आपला की त्यांचा, कळेना. स्कूटर काढली.

खिडकीतल्या पोराने मान वर न करताच तिकीट फाडलं.

"काका, आज उशीर झाला?"