खांब धरायचा की सोडायचा?

रात्रीचे पावणेबारा वाजले होते आणि फॉर्म भरायची मुदत बाराला संपत होती. नाव, पत्ता सगळं भरून झालं. जन्मसाल गाठण्यासाठी आकड्यांची यादी बोटाने खाली खाली ढकलत नेली (हे अंतर दरवर्षी वाढत चाललंय). आता फक्त 'पाठवा' म्हणायचं, तेवढ्यात एक छोटा चौकोन आडवा आला. 'मी यंत्रमानव नाही' असं कबूल करा म्हणे. केलं कबूल. टिचकी मारली. त्याचा विश्वास बसला नाही.

मग एक धूसर फोटो आला, सोळा तुकडे केलेला. 'ट्रॅफिक सिग्नल असलेले सर्व चौकोन निवडा.'

दिवे दोन चौकोनांत होते, त्याबद्दल वाद नाही. तिसऱ्यात दिव्याच्या डब्याची कड आली होती, केसाएवढी. आणि खाली तीन चौकोनभर नुसता खांब. आता खांब म्हणजे सिग्नल का? खांब काढला तर सिग्नल खाली पडेल, म्हणजे धरायला हवा. पण खांब बघून कोणी गाडी थांबवत नाही, म्हणजे सोडायला हवा. (तसे दिवा बघूनही सगळे थांबतात असं नाही, पण तो मुद्दा वेगळा.) मी चष्मा पुसला आणि खांबासकट उत्तर पाठवलं.

'पुन्हा प्रयत्न करा.'

या वेळी सायकली. एका सायकलीवर माणूस बसलेला. त्याचं डोकं वरच्या चौकोनात. डोकं सायकलीत धरतात का?

या छळाला कॅप्चा म्हणतात. लांबलचक इंग्रजी नावाचं ते लघुरूप आहे आणि त्यात मधोमध ट्युरिंगसाहेब बसलेत. ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने १९५० साली कल्पना मांडली ती अशी, की माणसाने प्रश्न विचारायचे आणि उत्तरं देणारा माणूस आहे की यंत्र ते ओळखायचं. आता परीक्षकाच्या खुर्चीत यंत्र बसलंय आणि मी घाम पुसत समोर उभा.

बरं, परीक्षक तरी धुतल्या तांदळासारखा असावा! २००७च्या सुमारास रीकॅप्चा आलं, त्यात दोन वेडेवाकडे शब्द टाइप करायचे असत. एकाचं उत्तर यंत्राला ठाऊक असे. दुसरा शब्द जुन्या पुस्तकाच्या नाहीतर वर्तमानपत्राच्या पानावरून उचललेला, यंत्राला स्वतःला न लागलेला. म्हणजे पर्यवेक्षकच माझ्या पेपरात डोकावून उत्तर टिपून घेत होता, आणि वर मलाच दरडावत होता. असे किती शब्द मी फुकट लावून दिले असतील देव जाणे. आभाराची एक ओळ नाही.

२०१४पासून नुसती टिचकी मारून सुटका होण्याची सोय झाली. त्यात टिचकीपेक्षा तुमच्या वागण्यावर जास्त लक्ष असतं. ते नेमकं काय बघतात ते सांगत नाहीत, पण माझा संशय असा, की मी मान खाली घालून सरळ रेषेत बाण नेतो, तेच नडत असणार. आयुष्यभर नीटनेटकेपणाचे मार्क मिळवले, ते इथे वजा झाले.

खरी जखम २०२३ साली कळलेल्या गोष्टीची आहे. जीपीटी-४ नावाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेची चाचणी चालू असताना त्याच्यापुढे कॅप्चा आला. त्याने एका माणसालाच तो सोडवून द्यायला गाठलं. त्या माणसाने गमतीत विचारलं, तू रोबो आहेस की काय? तर हा म्हणतो, छे, मला नीट दिसत नाही, चित्रं ओळखता येत नाहीत. काम झालं! माझ्या चष्म्याचा नंबर खरा आहे हो. मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

बाराला सहा मिनिटं. 'ऐकून उत्तर द्या' ही सोय वापरून बघितली. कोणीतरी विहिरीच्या तळाशी बसून आकडे म्हणत होतं आणि काठावर चौघं भांडत होते. बायको अंथरुणातून ओरडली, "अहो, आवाज कमी करा! आणि एवढं काय अवघड आहे त्यात?"

"मी माणूस आहे हे त्याला पटत नाहीये."

"पटेल हळूहळू. मला कुठे लगेच पटलं होतं?"

पुन्हा चित्रं मागवली. पुन्हा सिग्नल, पुन्हा खांब. चार मिनिटं उरली. तेवढ्यात पाणी प्यायला उठलेली लेक डोळे चोळत मागे येऊन उभी राहिली. "बाबा, सरका." एका हातात तांब्या, दुसऱ्या हाताने टक टक टक. पूर्ण डोळेही उघडले नव्हते तिने. हिरवी खूण आली, फॉर्म गेला.

"थांब थांब," मी म्हटलं, "खांबाचं काय केलंस?"

"कुठला खांब?"